रेस्ट गिव्हर

नाताळानंतरचे सात रविवार बुडाले आणि आठव्या रविवारी मी उपासनेला गेले, तेव्हा चर्चच्या दारात उभ्या असलेल्या एका मुलीने माझ्या हातात फिकट निळ्या रंगाची चिठ्ठी ठेवली. "सलाम ताई. पहिल्यांदाच येऊन राहिल्या का तुम्ही?" तिने हसून विचारले. मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असेल. ओढणीवर सेफ्टी पिनेने 'स्वागत' असा बिल्ला लावलेला होता आणि ते काम तिला अगदी अलीकडेच मिळाले असावे, असा तिचा उत्साह होता. चिठ्ठीवर नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि 'प्रार्थनेचा विषय' यांच्यासाठी ठिपक्यांच्या ओळी होत्या. ती ज्या दारात उभी होती, त्याच दारातून मला तीन महिन्यांची असताना बाप्तिस्म्यासाठी आत नेले होते. पंचवीस वर्षांपूर्वी पांढरी साडी नेसून मी याच दारातून बाहेर पडले आणि बाबांची शवपेटीही येथूनच निघाली. ते सगळे तिला सांगावे म्हणून मी तोंड उघडले. पण माझ्यामागे लोक खोळंबले होते, आतून पहिल्या गीताचे सूर सुरू झाले होते आणि खरे सांगायचे तर त्या मुलीचे हसू मोडण्याची माझी हिंमत झाली नाही. मी तिच्याकडून पेन घेतले आणि नवीन पाहुणी म्हणून माझे नाव लिहिले.

राग आला होता का? आला होता. पण त्या रागाखाली थोडेसे हायसेही वाटले होते, आणि नंतर कित्येक दिवस मला तेच टोचत राहिले. पाहुण्याला कोणी विचारत नाही की इतके दिवस कोठे होतीस.

चिठ्ठीच्या तळाशी मत्तयाच्या शुभवर्तमानातले ते वचन छापलेले होते, जे आपल्याकडे निम्म्या ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर टांगलेले असते: कष्टी व भाराक्रांत जनांना उद्देशून, आणि शेवटी 'मी तुम्हांला विसावा देईन'. ते वाचून मला बाकावर बसल्या बसल्या हसू फुटले आणि शेजारच्या काकूंनी माझ्याकडे वळून पाहिले. त्याचे कारण बाहेरच्या माणसाला समजावून सांगावे लागेल. मी नागपूरला रेल्वेत तिकिटांच्या खिडकीवर बुकिंग क्लार्क आहे आणि आमच्याकडे आठवड्याच्या सुट्टीला कोणी सुट्टी म्हणत नाही, 'रेस्ट' म्हणतात. आज अमकीचा रेस्ट आहे, उद्या तमक्याचा. ज्याचा रेस्ट असेल त्याच्या खिडकीवर त्या दिवशी जो बसतो, त्याला 'रेस्ट गिव्हर' म्हणतात. रोस्टरमध्ये, म्हणजे पाळ्यांच्या तक्त्यात, हा शब्द अगदी असाच लिहिलेला असतो. गेली चार वर्षे मी रेस्ट गिव्हर आहे. सोमवारी एकीची रात्रपाळी, बुधवारी दुसऱ्याची दुपारपाळी, शनिवारी आणि रविवारी कधी कोणाची सकाळ, कधी कोणाची रात्र. माझी स्वतःची खिडकी नाही. माझा रेस्ट मंगळवारी असतो, आणि त्या दिवशी माझ्या जागी कोणालाही बसवावे लागत नाही, कारण माझी जागा म्हणजे इतरांच्या रिकाम्या जागाच होत.

सतत चालणाऱ्या कामावरच्या माणसाला दर आठवड्याला सलग ३० तासांची विश्रांती मिळालीच पाहिजे, असे १९८९च्या रेल्वे कायद्यात लिहिले आहे, आणि तो आठवडा रविवारपासून मोजायचा, असेही त्यातच आहे. कायदा करणाऱ्यांच्या मनात शब्बाथ, म्हणजे बायबलमधला विसाव्याचा दिवस, नसणार. तरी ते वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा मला बायबलमधले निर्गमाचे पुस्तक आठवले. तेथेही विसाव्याची आज्ञा घरधन्यापाशी थांबत नाही. दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परकाही तीत येतो. माझे तीस तास मंगळवारी सकाळी आठला सुरू होतात. रात्रपाळीची कॅश जुळवून मी बाहेर पडते, घरी येऊन आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या काढते, कुकर लावते, गॅसवाल्याची वाट पाहते, आठवड्याचे कपडे मशीनमध्ये टाकते आणि ते वाळत घालताना लक्षात येते की बारा वाजून गेले. विसावा म्हणून हाती पडलेले तास दुसऱ्या कामांनी खाऊन टाकलेले असतात आणि जे उरते, त्यात झोप येत नाही, नुसती गुंगी येते. म्हणून चिठ्ठीवरच्या 'प्रार्थनेचा विषय' या ओळीत मी एकच शब्द लिहिला होता.

झोप.

लिहिल्यावर तो खोडावासा वाटला. लोक तेथे मुलांच्या नोकऱ्या, किडनीचे आजार, कोर्टातले खटले लिहितात. पण तोवर दानपेटी समोर आली होती आणि चिठ्ठी तीत पडली होती.

माझ्या कामाविषयी लोकांना, विशेषतः चर्चमधल्या लोकांना, एक कीव वाटते, तिच्याशी मी सहमत नाही. खिडकीच्या काचेखाली पैसे सरकवण्यासाठी एक खोलगट जागा असते. आठ तास माझे जग बरेचसे तेवढेच असते. गर्दीच्या वेळी चेहरे पाहायला सवड नसते. त्या खोलगटात येणारे हात तेवढे दिसतात. सिमेंटने पांढरे पडलेले हात, मेंदी अर्धी उडालेले हात, सलाइनच्या सुईची पट्टी अजून न काढलेले हात, एका मुठीत घामेजलेली दहाची नोट धरून आलेले लहान हात. "वर्धा दोन." "काटोल एक, एक हाफ." "गोंदिया कितीचं आहे, म्याडम?" मेडिकलमधून पेशंट घेऊन गावी परतणारी माणसे आवाजावरून ओळखू येतात, ती तिकीट मागतात तेव्हा आकडा सांगताना क्षणभर थांबतात, कारण येताना जितके जण होते तितके परतताना असतीलच असे नाही. पाळी संपली की बोटांची टोके काळी झालेली असतात आणि नोटांचा एक आंबूस, धातूसारखा वास हाताला राहतो, जो साबणाने जात नाही. रात्रपाळी करून मी थेट उपासनेला गेले आहे, असे काही वेळा झाले आहे, आणि त्याच तळव्यावर मी प्रभुभोजनाची भाकर घेतली आहे. पूर्वी मला त्याची लाज वाटत असे. आता वाटत नाही. तो वास माझ्या एकटीचा नाही, वर्ध्यापासून गोंदियापर्यंतच्या हातांचा आहे.

कोणी राजनांदगावचे तिकीट मागितले की मला हटकून कवी नारायण वामन टिळक आठवतात. ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटला, त्याने नवा करार हातात ठेवला आणि पुढे १८९५मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत ही गोष्ट लहानपणापासून कानावर पडते आणि तीत तो गृहस्थ असतो, पुस्तक असते, टिळक तर असतातच. तिकीट देणारा बाबू तीत कोठेही नसतो. पण कोणीतरी ते तिकीट दिले असणारच. त्याला रात्रपाळीचे जागरण असेल, सुटे पैसे नसतील, आणि आपण काय दिले हे त्याला कधी कळले नसेल.

रविवार बुडणे हे आमच्या घरात नवे नाही. बाबा रेल्वेत केबिनमन होते, म्हणजे केबिनमधले लिव्हर ओढून गाड्यांना वाट देणारे. २९ नोव्हेंबर १९७० या दिवशी आपल्या नागपुरात सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तो रविवार होता. आई त्या गर्दीत होती. वेगवेगळ्या प्रांतांतून आलेले लोक, न समजणाऱ्या भाषांमधली गाणी आणि नव्या चपलेने टाचेला आलेला फोड, हे सगळे ती अजूनही काल घडल्यासारखे सांगते. बाबा त्या दिवशी केबिनमध्ये लिव्हर ओढत होते. शहरातला सर्वांत मोठा रविवार त्यांच्यापासून दोनअडीच किलोमीटरवर चालला होता आणि ते गाड्या पास करत होते. त्याविषयी ते फार बोलत नसत. एकदाच, मी नोकरीला लागले तेव्हा, म्हणाले होते, "अवं, बाहेरगावचे लोक त्या दिवशी उडत थोडीच आले होते? कोनीतरी गाडी आत घेतली ना!" तेव्हा मी त्याला त्यांचा नेहमीचा विनोद समजले होते.

आपल्या चर्चमध्ये काम करणाऱ्या बायकांविषयी कोणी बोलत नाही, असेही नाही. वर्षातून एक रविवार महिलांचा असतो आणि त्या दिवशी नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय हमखास वाचला जातो. ती सद्गुणी स्त्री रात्र सरली नाही तोच उठते, शेत विकत घेते, सूत कातते, व्यापार करते आणि रात्री तिचा दिवा मालवत नाही. मी हा अध्याय रात्रपाळी करून आल्यावरही ऐकलेला आहे आणि तेव्हा मला दोनच गोष्टी दिसल्या: ती बाई झोपत केव्हा होती, हे तेथे कोठेही लिहिलेले नाही, आणि तिच्या घरी दासी होत्या, हे मात्र स्पष्ट लिहिलेले आहे. संदेश देणारे पाळक दुसऱ्या गोष्टीपाशी थांबत नाहीत. ते चांगले गृहस्थ आहेत; त्यांचा स्वतःचा रेस्ट सोमवारी असतो आणि त्या दिवशी ते फोन बंद ठेवतात, ते योग्यच करतात. अशाच एका संदेशात मला डुलकी लागली होती आणि शेजारून कोणीतरी मला कोपराने ढोसले होते. ढोसणे प्रेमाचेच होते. तरी त्यानंतर, रात्रपाळीनंतर चर्चला जाण्यापेक्षा घरी जाणे मला सोपे वाटू लागले आणि एकेक करत रविवार गळत गेले.

मग मी मंडळीविना राहिले का, असे कोणी विचारले तर मला पटकन हो म्हणता येणार नाही. माझ्या शेजारच्या खिडकीवरची सहकारी बौद्ध आहे. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांनी आपले स्थानक दोन-तीन दिवस पांढरे होऊन जाते. आयाबाया डोक्यावर गाठोडे आणि हातात पुस्तकांची पिशवी घेऊन परतीच्या तिकिटाला उभ्या असतात. त्या दिवसांत कोणालाही रजा मिळणे अवघड असते. तरी तिच्या सासूला चालवत नाही, तिला दीक्षाभूमीवर घेऊन जायचे असते, म्हणून आम्ही दोघी पाळ्यांची अशी काही अदलाबदल करतो की साहेबांनाही ती कागदावर उलगडत नाही. मी त्या दिवशी तिच्या पाळीचे चार तास जास्त बसते. चोवीस डिसेंबरच्या रात्री ती माझ्या जागी बसते आणि सकाळी मला फोन करून विचारते, "झाली का तुमची प्रार्थना? केक ठेवजो माझ्यासाठी." मागच्या वर्षी माझी कॅश पाचशेने कमी भरली, चूक माझीच होती, बहुतेक दोन नोटा चिकटून गेल्या असाव्यात. पैसे मी पर्समधून भरायला घेतले, तर तिने न बोलता दोनशे पुढे केले. मी ते घेतले नाहीत. पण तिच्या रेस्टच्या दिवशी तिच्या खुर्चीवर बसताना, तिने खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवलेल्या उशीला टेकताना, आपण कोणाचा तरी विसावा सांभाळत आहोत असे मला खरोखर वाटते. बायबलमधला तो शब्द आणि रोस्टरमधला तो शब्द यांत फार अंतर नाही, हे माझे मत चर्चमध्ये बोलून दाखवण्याचे धाडस मात्र मला झालेले नाही.

आईने माझ्या थकव्यावर काढलेला उपाय वेगळा आहे. ती बायबलमधल्या एलीयाची गोष्ट सांगते. संदेष्टा जिवाला कंटाळून रतामाच्या झुडपाखाली पडला, मरण मागितले आणि झोपी गेला. देवदूत आला, त्याने हात लावून उठवले, उशाशी भाजलेली भाकर आणि पाणी होते. एलीया जेवला आणि परत झोपला. देवदूताने त्याला परत उठवले आणि परत जेवायला लावले. आई येथे नेहमी बोट वर करते. "पाह्य, एक शब्द तरी रागाचा बोलला का तो? भक्ती काहून सोडली, इथं काहून येऊन पडला, काही विचारलं? पहिले भाकर भाजली." तिच्या कल्पनेतला देवदूत चुलीपुढे बसून ज्वारीची भाकर थापतो. पवित्र शास्त्रात ज्वारी नाही, हे मी तिला कधी सांगितलेले नाही.

चिठ्ठी लिहिली त्या रविवारनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी मी सकाळी घरी आले आणि त्या दिवशी मात्र कपडे तसेच राहू देऊन आडवी झाले. जागी झाले तेव्हा साडेतीन वाजले होते. दार उघडले तर कडीला कापडी पिशवी लटकत होती आणि तीत स्टीलचा जुना, घट्ट झाकणाचा डबा होता. आत गोळाभात होता, अजून कोमट, आणि बाजूला औषधाच्या स्वच्छ धुतलेल्या बाटलीत फोडणीचे तेल. हिंगाचा आणि लाल मिरचीचा वास जिन्यापर्यंत गेला होता. पिशवीच्या तळाशी माझीच ती निळी चिठ्ठी होती, चार घड्या घातलेली. तिच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने तीन शब्द लिहिले होते.

'बेल वाजवली नाही.'

खाली नाव नव्हते. आईने डबा उलटा करून त्यावर कोरलेली अक्षरे चष्म्याविना बोटाने चाचपली आणि म्हणाली, "ही तर टेलिफोनवाली मावशी." टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या या मावशींना मी लहानपणापासून ओळखत होते आणि त्यांना थोडी भीतही होते, चर्चमध्ये त्या दुसऱ्या बाकावर ताठ बसत आणि गीताचा ताल चुकला की मान न वळवता चुकणाऱ्याला कळेल असे खाकरत. दानपेटीतल्या चिठ्ठ्या निवडून घरोघरी जायचे काम त्यांच्याकडे होते, हे मला माहीत नव्हते. माझे नाव वाचून त्यांनी काय म्हटले असेल, याचा विचार करत मी तो गोळाभात खाल्ला. तेल जरा जास्तच घेतले.

डबा परत करायला मला आणखी दोन आठवडे लागले. रिकामा डबा देऊ नये, आणि त्यात घालण्यासारखे काही करायला सवड मिळाली नाही, म्हणून शेवटी आईने त्यात मूठभर साखर टाकली. मंगळवारी दुपारी मावशी घरी नव्हत्या. त्यांच्या सुनेने सांगितले की चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जा, मंगळवारी दोन ते चार त्या तेथेच असतात. मार्च निम्मा सरला होता आणि सदरच्या रस्त्यावर ऊन चटके देऊ लागले होते. हॉलमध्ये सतरंजीवर चार बायका बसल्या होत्या, मध्ये पाण्याची बादली, तीत शिंदीची हिरवी पाने, आणि शेजारी ओल्या फडक्यावर तयार क्रूसांचा ढीग. झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, जवळ आला होता. मावशींनी डब्याचे झाकण उघडून साखर पाहिली, ती कोपऱ्यातल्या स्टोव्हवरच्या चहाच्या पातेल्यात सरळ ओतली आणि मला म्हणाल्या, "बस. हे धर."

पानाची पट्टी दोन बोटांत धरायची, मधली ताठ शीर काढून टाकायची, लांब बाजू दुमडून उभी करायची, आडवी पट्टी तिच्यातून ओवायची आणि टोक मागे खोचायचे. पान फार ओले असेल तर ते निसटते, सुकले असेल तर चिरते. माझा पहिला क्रूस वाकडा झाला. मावशींनी तो उलगडून परत माझ्याकडे टाकला. बोलणे संथ चालले होते, गुडघ्यांविषयी, उन्हाळ्याआधी कूलरला नवा वाळा घालण्याविषयी. त्या चौघींपैकी एक परिचारिका होती, एक मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन, एकीचे यजमान इंजिन ड्रायव्हर होते. मी काही विचारले नव्हते, पण नर्सबाई आपण होऊन म्हणाल्या, "आम्ही रविवारच्या कधी नव्हतोच, पोरी. एकतीस वर्षं. मग ठरवलं, मंगळवार आपला." मी त्यांना सांगितले की झावळ्यांच्या रविवारी सकाळी मी खिडकीवर असेन. "मंग काय झालं," मावशी म्हणाल्या, "क्रूस तर असतील ना." आणि त्यांनी माझ्या मांडीवर आणखी एक जुडी ठेवली.

माझे अकरा की बारा क्रूस झाले असतील. चहा गोड झाला होता, भिंत गार होती आणि मी तिला पाठ टेकली. हातातले पान अर्धे दुमडलेले होते. "ड्यूटी केव्हा आहे तुझी?" मावशींनी विचारल्याचे आठवते. मी म्हटले, उद्या चारला. "मंग राहू दे." कोणीतरी माझ्या बोटांतून ते पान सोडवून घेतले. पंखा फार जोरात होता, सुकत ठेवलेले क्रूस फडफडत होते. मग ती फडफड कमी झाली, कोणीतरी उठून बटन पाचवरून दोनवर आणले असावे.